द्वारकेत वळलेल्या निंजाच्या गोळ्या

मी जपानीतून हिंदी, मराठी आणि इंग्रजीत भाषांतरं करते. ऐकायला हे जेवढं रम्य वाटतं तेवढं ते नाही. माझं निम्मं आयुष्य गाड्यांचे ब्रेक आणि बेअरिंगं यांच्या माहितीपुस्तिकांत गेलं. 'नट घट्ट आवळा, पण फार आवळू नका' हे वाक्य मी तिन्ही भाषांत झोपेतही लिहीन. त्यामुळे त्या वर्षी जून महिन्यात जपानमधल्या एका छोट्या गावच्या संग्रहालयाचं माहितीपत्रक कामाला आलं, तेव्हा मला शाळेला सुट्टी लागल्यासारखं झालं.

संग्रहालय निंजांचं होतं. निंजा म्हणजे जुन्या जपानातले हेर. सगळ्यांना त्यांच्या काळ्या कपड्यांचं आणि तलवारींचं कौतुक, पण या माहितीपत्रकाची चार पानं त्यांच्या खाण्यावर होती. शत्रूच्या मुलखात लपून बसलेल्या माणसाला चूल पेटवता येत नाही, धूर दिसतो. डबा सोबत नेता येत नाही, वास येतो. म्हणून हे लोक घरून निघतानाच गोळ्या करून न्यायचे. एक गोळी भुकेची, एक तहानेची. कमरेच्या पिशवीत टाकल्या की आठवड्याची सोय.

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगत होते. तो नेहमीप्रमाणे 'अच्छा, अच्छा' करत वरणात पोळी बुडवत होता. आईने मात्र घास खाली ठेवला.

"पुन्हा वाच बघू," ती म्हणाली. "बांधायला काय घालतात?"

आईविषयी सांगायला हवं. फरीदाबादच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं गोळी विभागात होती. सुरुवातीला हाताने गोळ्या वळायची, पुढे यंत्रं आल्यावर देखरेख करायची. चूर्ण ओलं किती करायचं, कशात मळायचं, किती वाळवायचं, हे सगळं तिच्या बोटांत होतं. आदल्या वर्षी बाबा गेले, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि फरीदाबादचं घर बंद करून आम्ही तिला दिल्लीला, द्वारकेतल्या आमच्या घरी आणलं. इथे तिला दुःख असं काही नव्हतं. काम नव्हतं. सोसायटीतल्या बायका भजनाला बोलवायच्या, तर ती एकदा जाऊन आली आणि म्हणाली, "सगळ्या छान आहेत गं. पण दोन तास नुसतं बसायचं?" मग ती माझ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या उजेडात धरून तपासायची. "कडा सुटल्यात बघ. माझ्या हाताखाली असली गोळी बाहेर गेली नसती."

तर त्या रात्री मी तिला यादी वाचून दाखवली. तांदळाचं पीठ, कुट्टूचं पीठ, कमळाच्या बिया, डोंगरात मिळणारा एक कंद, सातूसारखं एक रानधान्य, ज्येष्ठमध, दालचिनी, साखर आणि 'निन्जिन'. या शेवटच्या शब्दाशी मी सकाळपासून झटत होते. आजच्या जपानीत निन्जिन म्हणजे गाजर. जुन्या पोथ्यांत तोच शब्द जिनसेंग नावाच्या औषधी मुळीसाठी येतो. हेराला मुळी द्यायची की गाजर, हे मला ठरवायचं होतं.

"मुळी असणार," आई म्हणाली. "आपल्याकडे अश्वगंधा घालतील तशी. आणि बांधायला?"

"हे सगळं तांदळाच्या दारूत भिजवायचं आणि दारू आटेपर्यंत ठेवायचं. तीन वर्षं."

"तीन वर्षं!" आई म्हणाली. "तोवर लढाई संपायची."

"दारू लागत असेल तर माझ्याकडे रम आहे," नवरा पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला.

"तुमची रम तुम्हीच प्या, जावईबापू," आई म्हणाली, आणि तिथे विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

तो पुन्हा निघाला रविवारी, आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मुलीमुळे. ही हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आमच्या शेजारच्या सेक्टरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. आदल्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला तिची-माझी ओळख झाली. चार घास मराठी चवीचे मिळावेत म्हणून मी तिला रविवारी यायला सांगितलं, आणि ती ज्वारीच्या भाकरीच्या ओढीने खरोखर यायला लागली. मला काकू म्हणायची, आईला आजी.

त्या रविवारी ती पूर्वपरीक्षा पास झाल्याचे पेढे घेऊन आली होती. पेढे खाऊन झाले, आणि मग ती रिकाम्या खोक्याचं झाकण उघडझाप करत बसली. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आजी, मुख्य परीक्षेचं भ्या वाटतंय. अभ्यासाचं नाही. पोटाचं."

मग कळलं. मुख्य परीक्षा म्हणजे रोज दोन पेपर, सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास. मध्ये जेवायची सुट्टी. मागच्या खेपेला ताणामुळे तिच्या घशाखाली घासच उतरेना. डबा उघडला की वासाने मळमळायचं. पहिले दोन दिवस तिने नुसत्या पाण्यावर काढले आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या पेपरला डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. थोडक्या गुणांनी संधी गेली.

"वास नको, शिजवणं नको, चार घासांत भागलं पाहिजे," आई सावकाश म्हणाली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुझी ती यादी कुठंय?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराचा गोळी विभाग झाला. आई स्टुलावर बसून हुकूम सोडायची आणि मी धावायचे. कुट्टूचं पीठ सोपं होतं, दिल्लीत उपासाला तेच खातात. ज्येष्ठमध, दालचिनी वाण्याकडे मिळाली. कमळाच्या बिया मात्र पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळाल्या, त्याही ओवलेल्या. दुकानदाराने माळ कागदात बांधताना भक्तिभावाने विचारलं, "जाप के लिए?" मी म्हटलं, "नहीं, खाने के लिए." त्याने माळ परत घ्यायला हात पुढे केला होता, पण मी तोवर पायरी उतरले होते. घरी त्या बिया खलबत्त्यात फुटेनात. शेवटी नवऱ्याने हातोडी घेतली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी इंटरकॉमवरून विचारलं की तुमच्याकडे टाइल्सचं काम चाललंय का.

कंदाचा घोळ सगळ्यांत मोठा. मी जपानी नावावरून शोधत गेले तर तो आपल्या कोनफळाच्या जातीतला निघाला. कोनफळाला हिंदीत रतालू म्हणतात. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "येताना रतालू आण." त्याने ऐकलं रताळं, आणि भाजीवाल्याकडून दोन किलो शकरकंद घेऊन आला.

"रताळंच म्हणालीस तू."

"रतालू म्हणाले. हिंदीत."

"घरात हिंदी कशाला बोलतेस मग?"

आमची मुलं दिल्लीत वाढली, त्यांनी निम्मे मराठी शब्द गमावले म्हणून हाच माणूस वर्षानुवर्षं हळहळतो. आम्ही आठवडाभर रताळ्याचे काप खाल्ले, आणि कोनफळ अखेर बंगाली वस्तीतल्या बाजारात मिळालं. ते रानधान्य काही मिळालं नाही. आईने त्याच्याऐवजी सातू भाजून दळले. निन्जिनचा प्रश्नही तिनेच सोडवला. मी अश्वगंधा म्हणताच तिने हात उडवला. "अगं, तिला पेपर लिहायचाय. झोप आली म्हणजे? तुझ्या हेराला द्यायची ती दे, पोरीला गाजर घाल." मग गाजर किसून, वाळवून, त्याची पूड केली. भाषांतरात मी मुळीच लिहिली. स्वयंपाकघरात गाजर.

दारूच्या जागी आईने तांदळाची उकड काढली, त्यात मध आणि थोडं तूप घालून सगळी चूर्णं मळली, आणि माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे मोठ्या बोराएवढ्या गोळ्या वळून त्या वाफवल्या. तिचे हात मी कित्येक वर्षांनी असे चालताना पाहिले. तीन बोटं आणि तळवा, एक झटका, की गोळी तयार. माझ्या दहा होईस्तोवर तिच्या चाळीस झाल्या होत्या. "तू लाडू वळतेयस," ती म्हणाली. "लाडवाला प्रेम लागतं. गोळीला माप लागतं."

गोळ्या चाळणीवर पसरून मलमलीखाली ठेवल्या. पाचव्या दिवशी सकाळी आईने मलमल उचलली आणि मला हाक मारली. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक गोळीवर करडी लव आली होती.

जुलैची दमट हवा, त्यात बुरशी येणारच, असं मी म्हणाले. नवरा म्हणाला, आई, पुन्हा करू, उसमें क्या. पण आईने सगळी चाळणी स्वतःच्या हाताने कचऱ्यात रिकामी केली आणि आपल्या खोलीत गेली. दोन दिवस ती जेवायला यायची, जेवायची, परत जायची. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर खिडकीशी बसली होती.

"एकतीस वर्षांत माझा एक घाणा खराब झाला नव्हता," ती म्हणाली. "हात गेला माझा."

हात गेला नव्हता, हे मी पाहिलं होतं, पण ते माझ्या तोंडून ऐकून तिला काही उपयोग नव्हता. मी लाडूवाली. मग मला तिच्या जुन्या जोडीदारणीची आठवण झाली. गोळी विभागात आईच्या शेजारच्या पाटावर वीस वर्षं बसलेली, मूळची दरभंग्याकडची बाई. अजून फरीदाबादलाच राहते. मी म्हटलं, "आई, तिला विचारूया?"

"काय विचारायचं? की मला येत नाही म्हणून?" आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती इस्त्रीची साडी नेसून, काठी घेऊन दाराशी उभी होती.

द्वारकेहून फरीदाबाद म्हणजे मेट्रोने दिल्ली आडवी पार करायची, मध्ये एकदा गाडी बदलायची. ऑपरेशननंतर आई एवढ्या लांब पहिल्यांदाच जात होती. गाडी बदलताना सरकत्या जिन्यापाशी ती क्षणभर थबकली, मग माझा हात सोडून, कठड्याला धरून स्वतः चढली.

मावशींनी, म्हणजे मी त्यांना लहानपणापासून मावशीच म्हणते, आम्हाला पाहून आधी भरपूर रडून घेतलं, मग भरपूर खाऊ घातलं, आणि मग विषय निघाला. आईने जपानी हेरांपासून बुरशीपर्यंत सगळं सांगितलं. मावशींनी विचारलं, "गोली कितनी बड़ी बनाई?"

आईने अंगठा आणि तर्जनी जोडून बोराएवढा आकार दाखवला.

"सावन में?" मावशी किंचाळल्याच. "दीदी, आप भूल गईं? बरसात में हम लोग चने से बड़ी गोली कभी बनाते थे?"

आईने कपाळावर हात मारला. "कागदावर तसं लिहिलं होतं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"तो उनके यहाँ सावन नहीं होता होगा," मावशी म्हणाल्या, आणि दोघी अशा हसत सुटल्या की मावशींची सून स्वयंपाकघरातून बघायला आली. निघताना त्यांनी माळ्यावरून एक जुना लाकडी पाट काढून दिला. त्यावर बारीक खाचा होत्या. पिठाची वळी ठेवून वरून फळी फिरवली की एका मापाच्या बारीक गोळ्या पडतात. परतीच्या गाडीत आई तो पाट मांडीवर धरून बसली होती. समोरच्या मुलाने विचारलं, "आंटी, ये म्यूज़िक वाला है क्या?" आई म्हणाली, "हाँ बेटा, बिल्कुल."

दुसरा घाणा चण्याएवढ्या गोळ्यांचा झाला. वाळवायला आईने आमची झोपायची खोली ताब्यात घेतली, कारण एसी तिथेच होता. आठवडाभर आम्ही नवरा-बायको पंख्याखाली बैठकीच्या खोलीत झोपलो आणि गोळ्या चोवीस अंशांवर गारव्यात झोपल्या. आठव्या दिवशी आईने एक गोळी फरशीवर टाकली. ती टण्णकन उडाली आणि सोफ्याखाली गेली. "झाली," आई म्हणाली.

तहानेची गोळी त्या मानाने हातासरशी झाली. जपानी कृतीत खारवून वाळवलेलं प्लमच्या जातीचं आंबट फळ आणि खडीसाखर होती. आईने त्या फळाच्या जागी आमसुलं घेतली. आमसुलं वाटून, खडीसाखरेत घोटून, चिमूटभर ज्येष्ठमध घालून तिने काळ्याभोर गोळ्या केल्या. एक तोंडात टाकताच जिभेखाली पाणी सुटायचं. नवरा त्या येताजाता खायला लागला तेव्हा आईने डबा लपवला.

ऑगस्टच्या मध्याला आमच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत तालीम झाली. मुलीने सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास सरावाचे पेपर लिहिले. मी घड्याळ लावलं, आई पर्यवेक्षक. मधल्या सुट्टीत दहा भुकेच्या आणि दोन तहानेच्या. पहिली गोळी तिने दाताखाली धरली आणि डोळे मोठे केले.

"आजी, लई कडक झालंय की हे! दात पडंल माझा."

"चावायची नाही, चघळायची. हेर काय कडाकडा वाजवत खात असेल?"

तिने चघळली. मळमळलं नाही. दुपारचा पेपर तिने पूर्ण लिहिला. संध्याकाळी उठून म्हणाली, "भूक लागलीय काकू, पण चक्कर नाही." आणि चार भाकऱ्या जेवली.

परीक्षेच्या दिवशी आई जाणार हे तिने कुणालाही न विचारता ठरवलं होतं. पिशवी आत नेता येत नाही, मग गोळ्या सांभाळणार कोण, असा तिचा मुद्दा. केंद्र मेट्रोच्या तीन-चार स्टेशनांवर होतं. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पालकांची गर्दी होती, कुणी चटई अंथरलेली, कुणी माळ ओढत बसलेलं. आईने घडीची खुर्ची मांडली, मांडीवर स्टीलचा डबा घेतला. दुपारी मुलगी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. ती आईच्या पायांशी बसली, आईने तिच्या तळहातावर गोळ्या मोजून ठेवल्या. मुलगी चघळत होती, आई तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होती.

शेजारी रोहतकचे एक गृहस्थ बसले होते, त्यांचा मुलगा समोर पराठ्याचा डबा ढकलून देत होता. ते बराच वेळ पाहत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "माताजी, ये कौन सी दवाई है?"

"दवाई नहीं," आई म्हणाली. "जापान के जासूसों का खाना है."

त्यांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तरी त्यांनी एक मागून घेतली, तोंडात टाकली आणि सवयीने चावली. मला तो आवाज ऐकू आला. "वाह," ते जबडा धरून म्हणाले, "जासूस तगड़े रहे होंगे."

मला काम होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून आई एकटी जायला लागली, मुलीच्या बरोबर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा जवळजवळ रिकामा घेऊन आली. रोहतकच्या गृहस्थांचा मुलगा, कुठल्या तरी मणिपूरच्या मुली, सगळे मधल्या सुट्टीत 'दादी, वो काली वाली' करत येत होते म्हणे. भुकेच्या गोळ्यांना फारशी मागणी नव्हती, आमसुलाच्या संपल्या. त्या संध्याकाळी आईने मला आणि नवऱ्याला बसवून आणखी शंभर वळून घेतल्या. माझ्या गोळ्या तिने बाजूला काढून ठेवल्या नाहीत, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

पाचव्या दिवशी शेवटचा पेपर झाला आणि मुलगी पळतच बाहेर आली. "आजी, एकही प्रश्न सोडला नाही!" तिने सांगितलं. मग तिने कोपऱ्यावरच्या गाडीवर छोले-भटुरे खाल्ले, दोन प्लेट, आणि आईलाही खायला लावले.

ती मुख्य परीक्षा पास झाली. मुलाखतीच्या आधी चार दिवस कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथीगृहात तिची राहायची सोय झाली, तेव्हा आई तिथेही जाऊन जेवून आली आणि तिथल्या आमटीला पास केलं. निकालात मुलीचं नाव बरंच खाली होतं, पण होतं. टपाल सेवा मिळाली. गावी तिची मिरवणूक निघाली, तिचा व्हिडिओ आई अजून लोकांना दाखवते. गोळ्यांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पोरीने तीन वर्षं रक्त आटवलं होतं. पण आईपुढे मी हे बोलत नाही.

आई आता दर गुरुवारी एकटी फरीदाबादला जाते. मावशी आणि ती मिळून कसलंकसलं चूर्ण कुटतात, भांडतात, जेवतात, आणि संध्याकाळी ती दमून आणि खुशीत परत येते. माझं माहितीपत्रक वेळेवर गेलं, संग्रहालयाने आभाराचं पत्र पाठवलं. गाजराबद्दल मी त्यांना काही कळवलेलं नाही.

परवा प्रशिक्षणाच्या ठिकाणाहून मुलीचा फोन आला. आई स्पीकरवर बोलत होती. त्यांना सगळ्यांना हिमालयात दहा दिवस चालायला नेणार होते.

"आजी, पाठवता का थोड्या? पोरंपोरी मागं लागलेत."

"किती जण आहात?" आईने विचारलं. "आणि वर थंडी किती असते ते आधी सांग. तूप गोठलं तर गोळी फुटेल. मला माप बदलावं लागेल."